पंख्याखालची वटवाघळं

आमची वाडी नागपूरच्या पश्चिमेला, अमरावती रोडवर. आता इथं गोदामं, ट्रान्सपोर्टची ऑफिसं आणि ट्रकांच्या रांगा. माझ्या लहानपणी रस्त्याच्या कडेला मोठमोठे वड-पिंपळ होते, आणि त्यातल्या एकावर मोठी वटवाघळं उलटी लटकलेली असत. दिवसभर कलकल, खाली घाण वास. दिवेलागणीला एकेक सुटायचं आणि अंबाझरी तलावाकडे जायचं. आम्ही पोरं दगड उचलले की आजी ओरडायची, "त्यायले मारू नका रे बाप्पा, मोहाचे झाडं थेच लावतेत." तिचं खरंच होतं. मोहाच्या फुलांवर ही वटवाघळं रात्री येतात, पराग इकडचे तिकडे नेतात, फळं खाऊन बिया लांब टाकतात.

सरकारचं मत मात्र आजीसारखं नव्हतं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पाचवी अनुसूची उपद्रवी प्राण्यांची होती. तिच्यात कावळा, उंदीर यांच्या पंगतीला फळं खाणारी वटवाघळं बसवली होती. २०२२ च्या दुरुस्तीनं ती यादी गेली, आणि १ एप्रिल २०२३ पासून नवा कायदा लागू झाला. म्हणजे पन्नास वर्षं वटवाघूळ म्हणजे उपद्रव, असंच कागद सांगत होता. ज्याला उपद्रव म्हटलं, ते मेलं तर मोजणार कोण?

वाडीत राहणाऱ्याला देशात काय चाललंय ते ट्रकवाल्यांकडून कळतं. शेजारचे एक ड्रायव्हर काका साताऱ्याची खेप करून आले की सांगायचे, "डोंगरावर पंखेच पंखे गाडले ना भाऊ!" रत्नागिरीच्या किनाऱ्यावर १९८६ च्या सुमारास प्रयोग म्हणून पवनचक्क्या लागल्या होत्या. नव्वदच्या दशकाच्या शेवटापासून साताऱ्याचं चाळकेवाडी, वनकुसवड्याचं पठार भरत गेलं, मग धुळ्याकडे साक्री तालुक्यात ब्राह्मणवेल. आमच्या नागपूरकडे तसा वारा नाही, म्हणून हे सगळं आम्हाला ऐकूनच माहीत. पुढं नोकरीतून मोकळा झाल्यावर मी ठोसेघरचा धबधबा पाहायला गेलो आणि तसाच वर चाळकेवाडीला चढलो. पात्यांचा घुंई-घुंई आवाज, आणि खाली सडा. तिथल्या एका राखणदाराला विचारलं, "मामा, रात्री वटवाघळं पडतात का हो इथं?"

"पडत असतील की पाव्हणं. पर आमी बघणार कवा? उजाडायच्या आत कुत्री उचलून नेत्यात."

याच पठारावर बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी काम केलं, ते २०१८ साली छापून आलं. पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपट कमी, आणि त्यांची भीती गेल्यानं गळ्याला रंगीत पंखा असलेले सरडे वाढलेले. पण हा हिशोब दिवसाचा. वटवाघळांसाठी कच्छला जावं लागतं. तिथं पवनचक्क्यांना धडकून मेलेल्या वटवाघळांची नोंद सलीम अली केंद्राच्या अभ्यासकांनी २०१३ साली प्रसिद्ध केली. ऑस्ट्रेलियात अशी नोंद १९७२ सालचीच आहे. आपण वटवाघळाला उपद्रवी ठरवलं, त्याच सालची.

आता कोणीही विचारेल, अंधारात बारीक तार चुकवणारं वटवाघूळ एवढ्या पंख्यावर कसं आपटतं? पात्याचं टोक ताशी दोनशे किलोमीटरच्या वर पळतं, आणि वटवाघळाच्या आवाजाचा पल्ला थोड्या मीटरांचा. २००८ साली कॅनडातल्या संशोधकांना मेलेल्या कित्येक वटवाघळांच्या अंगावर जखमच दिसली नाही, फुप्फुसात मात्र रक्त होतं. पात्याजवळ हवेचा दाब एकदम उतरतो म्हणून असं होतं, असं त्यांनी मांडलं. पुढं काहींनी ते खोडलं, मार पात्याचाच म्हणाले. कसंही असो, मरतात ती मुख्यतः उंच उडून किडे खाणारी. शेतकऱ्याच्या कामाची तीच. बहुतेक जातींची मादी वर्षाला एकच पिल्लू देते, म्हणून गेलेली लवकर भरून निघत नाहीत.

पवनचक्कीच्या विरोधात मी नाही. कोराडीच्या राखेखाली राहणाऱ्या नागपूरकराला धुराविना वीज कोणाला नको? खटकतं ते वेगळं. पर्यावरणावर काय परिणाम होईल ते आधी तपासायला लावणारी २००६ ची केंद्राची अधिसूचना आहे, तिच्या यादीत पवनऊर्जेचं नाव नाही.

उपाय महाग नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात २००८ आणि २००९ साली मंद वाऱ्याच्या रात्री पंखे थांबवून पाहिले, कारण किडे आणि वटवाघळं तेव्हाच जास्त उडतात. मरण ४४ ते ९३ टक्क्यांनी घटलं, आणि वर्षाच्या विजेत एक टक्कासुद्धा तूट आली नाही. साताऱ्यात जोराचा वारा जून ते सप्टेंबर. पावसाळा उतरला की वारा पडतो, पंखे रेंगाळत फिरतात, वीज थोडीच मिळते. थांबवायचेच तर त्या रात्री थांबवता येतील.