अक्षरातून उभा राहिलेला माणूस : ‘हॅपी ह्यूमन’ या चिन्हाचा विचार

धर्मचिन्हांच्या उगमाची तिथी सहसा सांगता येत नाही. इहवादी मानवतावादाच्या चिन्हाचे साल मात्र निश्चित आहे. १९६५ मध्ये ब्रिटिश ह्यूमॅनिस्ट असोसिएशनने (२०१७ पासून ‘ह्यूमॅनिस्ट्स यूके’) घेतलेल्या स्पर्धेत डेनिस बॅरिंग्टन यांचे रेखाटन निवडले गेले. पुढे देशोदेशींच्या मानवतावादी संघटनांनी ते कमीअधिक फेरफार करून स्वीकारले. प्रारंभी त्याला ‘हॅपी मॅन’ म्हणत. ‘मॅन’ जाऊन ‘ह्यूमन’ आले. मराठीत हा बदल दाखवणे अवघड आहे, कारण आपला ‘माणूस’ व्याकरणाने पुल्लिंगी असूनही दोन्ही अर्थ सांभाळतो.

१९६३ साली स्थापन झालेल्या ‘अमेरिकन एथिइस्ट्स’ने अणूची आकृती घेतली. ती विज्ञानाकडे बोट दाखवते. बॅरिंग्टन यांनी मानवदेहच घेतला आणि तो रोमन लिपीतील ‘एच’ या अक्षरात बसवला : हात उंचावलेला माणूस म्हणजेच ‘ह्यूमॅनिझम’चे आद्याक्षर. चिन्हाची सारी खुमारी या श्लेषात आहे आणि त्याची मर्यादाही तेथेच आहे. श्लेष लिपीला बांधलेला असतो. देवनागरी ‘मा’मधून माणूस उभा राहत नाही, मराठी वाचकाला येथे अक्षर दिसणार नाही, केवळ आकृती दिसेल.

आणि आकृती निरपेक्ष नसते. रोमच्या भूमिगत दफनस्थळांतील आद्य ख्रिस्ती चित्रांत उंचावलेले हात प्रार्थनेचे आहेत. आपल्याकडे कीर्तनात रंगलेला वारकरी हात वर करतो. महाभारताच्या अखेरीस बाहू उभारून आक्रोश करणारे व्यास तर, धर्मातूनच अर्थ आणि काम साधतात हे कोणी ऐकत नाही, म्हणून व्यथित आहेत. ‘आनंदी’ हे विशेषण रेषांत अंगभूत नाही. ते नावाने पुरवले आहे, असेच म्हणावे लागते.

या पार्श्वभूमीवर भारतीय मानवतावादाचे वळण लक्षणीय ठरते. १९५२ मध्ये अ‍ॅमस्टरडॅम येथे आंतरराष्ट्रीय मानवतावादी संघ स्थापन झाला, तेव्हा मानवेंद्रनाथ रॉय यांची चळवळ संस्थापकांत होती. मसुरीतील अपघातामुळे रॉय स्वतः जाऊ शकले नाहीत; त्यांना उपाध्यक्ष निवडण्यात आले. चिन्ह अस्तित्वात येण्याच्या अकरा वर्षे आधी, जानेवारी १९५४ मध्ये, ते निवर्तले. त्यांच्या विचाराची खूण होती ती बावीस सूत्रांत मांडलेली संहिता. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्यासारखा वाईचा शास्त्री या विचाराकडे वळला तो प्रतिमेच्या ओढीने नव्हे, युक्तिवादाने. शास्त्रार्थाच्या परंपरेत वाढलेल्याला सूत्र परके वाटत नाही.

उलट ज्या समाजांत या संघटना विवाह, नामकरण, अंत्यविधी करू लागल्या, तेथे चिन्हाची गरज वेगळी होती. स्कॉटलंडमध्ये २००५ पासून मानवतावादी विवाहाला कायद्याची मान्यता आहे. अशा प्रसंगी जमलेल्या आप्तेष्टांसमोर बावीस सूत्रे वाचता येत नाहीत. निमंत्रणपत्रिकेवर हात उंचावलेला माणूस मात्र छापता येतो.