पन्हळ, प्रणाली आणि मोकळा स्रोत

वसमतला बहिणीच्या घरी जुना संगणक आहे. विंडोज 10 ला कंपनीकडून मिळणारी सुरक्षेची नियमित डागडुजी 14 ऑक्टोबर 2025 ला थांबली आणि विंडोज 11 त्या यंत्रावर चालेना. दुरुस्तीवाला म्हणाला, “लिनक्स मारून देतो, मुक्तस्रोत प्रणाली आहे.” पिकावर औषध मारतात, कागदावर शिक्का मारतात, तशी आपल्याकडे संगणकात प्रणालीही ‘मारतात’. भाचीने मात्र विचारलं, “मामा, मुक्तस्रोत प्रणाली म्हणजे नेमकं काय हो?”

उत्तर त्या शब्दांतच आहे, आणि ते पाण्याचं आहे.

संस्कृतात ‘प्रणाल’, ‘प्रणाली’ म्हणजे पाणी वाहून नेणारी वाट. पुढे अर्थ पसरला आणि ठरलेल्या वाटेने काम नेणारी रीत, तीही प्रणाली झाली. याच प्रणालापासून मराठीत ‘पन्हळ’ आली. पावसाळ्यात पत्र्याच्या कडेचं पाणी हौदात नेते ती पन्हळ. गाभाऱ्यातलं अभिषेकाचं पाणी ज्यातून बाहेर पडतं, त्याला मूर्तिशास्त्रात आजही प्रणालच म्हणतात. संगणकाची प्रणाली हेच काम करते. कळफलकावरचं अक्षर पडद्यावर, फाइल डिस्कवर, पान प्रिंटरकडे, असं ज्याचं त्याला पोचवते.

‘स्रोत’ हाही पाण्याचाच. ‘स्रु’ म्हणजे वाहणे. प्रणाली ज्या मूळ मजकुरातून घडते, तो तिचा स्रोत.

राहिला ‘मुक्त’. ‘मुच्’ म्हणजे सोडणे, त्यावरून मुक्त. प्राकृतात त्याचं ‘मुक्क’ झालं आणि आपल्या तोंडी ‘मोकळा’. ‘मोफत’ मात्र फारसी ‘मुफ्त’वरून आला, त्याचा मोकळ्याशी काही संबंध नाही. इंग्रजीत दोन्हींना ‘फ्री’ हा एकच शब्द. त्यामुळे 1983 मध्ये ‘फ्री’ सॉफ्टवेअरचा ग्नू प्रकल्प जाहीर करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमन यांना पुढे वर्षानुवर्षं समजावत राहावं लागलं, की मी किमतीबद्दल बोलत नाही, स्वातंत्र्याबद्दल बोलतो आहे. हा घोळ टाळायलाही 1998 मध्ये ‘ओपन सोर्स’ हा शब्द पुढे आला. मराठी माणसाला हे समजवावं लागत नाही. मोफत धान्य वेगळं आणि मोकळं रान वेगळं, हे त्याला ठाऊक असतं. स्रोत मोकळा असला की तो कुणालाही वाचता येतो, दुरुस्त करता येतो, पुढे वाटता येतो.

लिनक्सचा गाभा 1991 मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी लिहायला घेतला. (‘गाभा’ गर्भापासून, ‘गाभारा’ गर्भागारापासून.) गाभा एक, पण त्याभोवती रचलेल्या प्रणाल्या अनेक. वसमतच्या हळदवाल्याला हे लगेच पटेल. कालव्याचं पाणी एकच, पण दांड ज्याने त्याने आपल्या रानाचा उतार पाहून काढायचा.

मग नवख्याने कोणता दांड धरावा? उबुंटू 2004 ची. हा झुलू-खोसा भाषांतला शब्द, अर्थ माणुसकी. तिच्यावरच उभी असलेली लिनक्स मिंट 2006 ची. मिंट म्हणजे पुदिना, आणि तिच्या मुख्य पडद्याचं नाव सिनॅमन, म्हणजे दालचिनी. विंडोजची सवय असलेल्याला मिंट सोपी जाते, कारण खाली पट्टी आणि डाव्या कोपऱ्यात मेनू, अशी ओळखीची मांडणी आहे. किमान 2 जीबी रॅम लागते, 4 असली तर काम सुखाने होतं. आपल्या सी-डॅक या सरकारी संस्थेची, डेबियन या लिनक्स प्रणालीवर आधारलेली ‘बॉस’ही आहे, भारतीय भाषांचा विचार करून केलेली.

आम्ही मिंट पेनड्राइव्हवर घेतली आणि संगणकात काही न बदलता तिथूनच चालवून पाहिली. वायफाय लागलं, आवाज आला, प्रिंटर बोलला. फोटो आणि कागदपत्रांची प्रत बाहेर काढून ठेवली आणि मगच ती संगणकात घेतली. टॅलीसारख्या, विंडोजसाठीच केलेल्या सॉफ्टवेअरवर ज्यांना रोज काम करायचं असतं, त्यांनी मात्र आधी त्याची सोय पाहावी.

‘मुक्तस्रोत कार्यप्रणाली’ हा शब्द पुस्तकात शोभतो. घरात मी ‘मोकळी प्रणाली’ म्हणतो, आणि भाचीलाही ते एकदाच सांगून कळलं. तुमच्याकडे असा जुना संगणक कोपऱ्यात पडला असेल, तर भंगारात घालण्याआधी एक संध्याकाळ त्याला द्या आणि मोकळी प्रणाली चालवून पाहा.