साथीच्या दिवसांतील दवाखाना

साथींचा इतिहास लिहिला जातो तो बहुधा मृतांच्या आकड्यांनी आणि सरकारी हुकुमांनी. नाक्यावरचा दवाखाना त्यात क्वचितच डोकावतो. वास्तविक अंगात कणकण आली की माणूस प्रथम जातो तो आपल्या ओळखीच्या डॉक्टरकडे. मोठ्या इस्पितळाची पायरी तो नाइलाजाने चढतो. म्हणून साथीच्या काळात या लहान दवाखान्याने आपली रीत कशी बदलली, याचा विचार आज आम्ही करणार आहोत. तो चंदनसारच्या श्रोत्यांपुढे करण्यास विशेष कारण आहे. विरारच्या पूर्वेकडील ही वस्ती मुंबईशी लोकलगाडीने जोडलेली आहे, आणि साथ ही माणसाच्या वाटेनेच प्रवास करते. मुंबईच्या साथीचा इतिहास तो एका अर्थी आपलाही इतिहास होय.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबई बंदरालगतच्या मांडवी भागात तापाचे व गाठीचे रोगी दिसू लागले. हा ग्रंथिक सन्निपात, म्हणजे प्लेग, असे निदान केले ते डॉ. आकासिओ गाब्रिएल व्हिएगस यांनी. ते मूळचे गोव्याचे, आणि मुंबईत वैद्यकीचा व्यवसाय करणारे. साथीची वर्दी पहिल्याने मिळाली ती अशी, रोज रोगी तपासणाऱ्या डॉक्टरकडून. परंतु पुढची व्यवस्था सरकारने आपल्या हाती घेतली. १८९७ चा साथरोग कायदा झाला. पुण्यात रँडच्या अमदानीत गोरे सोजीर घरांत शिरून झडत्या घेऊ लागले व रोग्यांना उचलून नेऊ लागले. रोगी वेगळा ठेवणे शास्त्राला धरून होते, यात शंका नाही. पण ज्या रीतीने ते झाले, तिने लोक रोगी लपवू लागले, आणि लपवलेला रोगी हाच साथीचा सर्वांत मोठा मित्र असतो.

त्याच पुण्यात दुसरी वाटही दिसत होती. सावित्रीबाई फुले यांच्या सांगण्यावरून त्यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ ससाणे मळ्यात दवाखाना उघडला. विलगीकरण येथेही होतेच, वस्तीपासून दूर, मोकळ्या रानात. फरक एवढाच की रोग्याला आणायला आपले माणूस जाई. मुंढव्याच्या एका मुलाला पाठीवर घेऊन सावित्रीबाई दवाखान्यात आल्या, त्यांना स्वतःला प्लेगची लागण झाली, आणि १० मार्च १८९७ रोजी त्या निवर्तल्या. लोकमान्य टिळकांच्या खटपटीने पुण्यात हिंदू प्लेग हॉस्पिटलही निघाले. पुढे १८९८ च्या मार्चमध्ये मुंबईत प्लेगच्या उपायांवरून दंगा झाला, तेव्हा कोठे सरकारनेही सक्तीचा हात सैल केला.

१९१८ चा इन्फ्ल्यूएंझा याहून निराळा निघाला. जूनमध्ये तो मुंबईत आला, ओसरल्यासारखा झाला, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात भयंकर रूप घेऊन परतला. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी मुंबईत ७६८ मृत्यू नोंदले गेले. हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे गेली. घरोघरी रोगी असताना इस्पितळे कोठवर पुरणार? म्हणून औषधच रोग्याकडे निघाले. सोशल सर्व्हिस लीगसारख्या संस्थांचे स्वयंसेवक वस्त्यांतून औषधे वाटत फिरले. रोगावर नेमका उपाय कोणाजवळच नव्हता. पण पाणी, पेज, पांघरूण आणि विचारपूस यांवर पुष्कळ जीव तगतात, हे त्या दिवसांनी शिकवले.

आता २०२० कडे वळू. ९ मार्चला पुण्यात महाराष्ट्रातील पहिले कोरोना-रुग्ण सापडले. मार्चच्या अखेरच्या आठवड्यात देश बंद झाला, आणि चर्चगेट-विरार लोकलही थांबली. १५ जूनला ती सुरू झाली ती अत्यावश्यक सेवेतील माणसांपुरती. म्हणजे जे परिचारक, सफाई कामगार रोज साथीच्या तोंडी जात, तेच रात्री परतून येत. पहिल्या आठवड्यांत भीतीपोटी आणि साधनांच्या अभावी अनेक खाजगी दवाखाने बंद राहिले. जे उघडे राहिले त्यांनी आपली मांडणीच पालटली. तापाच्या रोग्याची रांग वेगळी झाली; बाकाऐवजी बाहेर चुन्याची वर्तुळे आली; तपासण्याआधी बोटाला प्राणवायू मोजण्याचे यंत्र लागू लागले.

२५ मार्च २०२० रोजी दूरवैद्यकाचे नियम जाहीर झाले आणि फोनवरच्या सल्ल्याला रीतसर मान्यता मिळाली. रक्तदाब व मधुमेह यांच्या रोग्यांना तीन महिन्यांपर्यंतची औषधे एकदम द्यावीत, अशी सूचना केंद्राने एप्रिलमध्ये दिली. धारावीत खाजगी डॉक्टर महानगरपालिकेच्या पथकांबरोबर गल्ल्यांत उतरले व तापाची शिबिरे भरवू लागले. सप्टेंबरात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम निघाली. पथके दारोदार जाऊन ताप व प्राणवायू मोजू लागली. या कामाचा मोठा भार तुटपुंज्या मानधनावर आशा कार्यकर्त्यांनी वाहिला. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरव केला. गौरव योग्यच झाला. पण मानधनाचा प्रश्न गौरवाने सुटत नाही.

या सर्व बदलांना एक किंमत पडली, आणि तिचा उच्चार झाला पाहिजे. फोनवरून डॉक्टरला पोट दाबून पाहता येत नाही, छातीतली घरघर नीट ऐकता येत नाही. आणि ज्या घरात फोनच नाही त्या घराचे दुखणे डॉक्टरच्या कानी पडतच नाही. भारतात २०१९ साली क्षयाचे सुमारे २४ लाख रोगी नोंदले गेले होते. २०२० साली ही नोंद १८ लाखांवर आली. क्षय काही एका वर्षात चतुर्थांशाने घटला नव्हता. ही माणसे खोकत घरीच बसली होती. दवाखान्याचे दार तापाच्या रोग्यासाठी वेगळे करताना इतरांसाठी ते लावले तर जात नाही ना, ही चिंता प्रत्येक साथीत वाहावी लागेल.

तिन्ही साथी एकत्र ठेवून पाहिल्या म्हणजे आम्हांस एक गोष्ट स्पष्ट दिसते. रोग्यापासून अंतर ठेवणे तिन्ही वेळा आवश्यक होते. जेथे हे अंतर अनोळखी माणसाच्या धाकाने लादले गेले तेथे लोक पळाले. जेथे ओळखीच्या माणसाने ते समजावून सांगितले तेथे लोकांनी ते पाळले. ही ओळख साथ आल्यावर निर्माण करता येत नाही. कोणत्या घरी म्हातारे माणूस एकटे आहे, कोणती बाई गरोदर आहे, कोणाची क्षयाची गोळी चुकते आहे, याची वही नेहमीच्या दिवसांत भरावी लागते. वसई-विरारसारख्या झपाट्याने वाढणाऱ्या, भाड्याची घरे बदलत राहणाऱ्या शहरात हे काम अधिकच कठीण. म्हणून नागरिकांनी आपल्या प्रभागात इस्पितळाची इमारत अवश्य मागावी; पण तिच्या आधी जवळचा दवाखाना, त्यातला कायमचा डॉक्टर आणि पुरेशा वेतनाची परिचारिका मागावी. पुढची साथ कोणत्या नावाने येईल हे सांगता येणार नाही. ती आल्यावर आपण प्रथम कोणाचे दार ठोठावणार, हे मात्र आजच ठरवता येण्याजोगे आहे.