कॅड फाईल-स्वरूपांची वाटचाल
संगणकसाहाय्यित आरेखनात (कॅड) एका प्रणालीतील आराखडा दुसरीत जसाच्या तसा उघडेल, याची शाश्वती नसते. त्यासाठी अमेरिकेत १९८० मध्ये ‘आयजीईएस’ हे सामाईक स्वरूप प्रसिद्ध झाले. १९८२ मध्ये आलेल्या ऑटोकॅडने ‘डीडब्ल्यूजी’ची रचना स्वतःपाशी ठेवली; देवाणघेवाणीसाठी ‘डीएक्सएफ’ दिले. १९९४ मध्ये ‘स्टेप’ (आयएसओ १०३०३) हे आंतरराष्ट्रीय मानक आले. त्यातून घनाकृतीची भूमिती नेमकी पोहोचते. ती कोणत्या क्रमाने घडवली, हा तपशील मात्र बहुधा मागे राहतो. प्रश्न केवळ प्रतिस्पर्धी कंपन्यांपुरता नाही. एअरबस ए३८० च्या जुळणीत हॅम्बुर्ग व तुलूझ येथे कॅटिया या एकाच सॉफ्टवेअरच्या भिन्न आवृत्त्या वापरात होत्या. विद्युततारांची मापे जुळली नाहीत आणि २००६ मध्ये विमानांचा पुरवठा लांबणीवर पडला.