माळ, कायदा आणि मीटिंग

दारूविषयी बोलायचं म्हटलं की व्याख्यान चटकन उपदेशाकडे वळतं. आज आपण ते टाळू. दारू वाईट, हे पारगावात कोणाला सांगावं लागत नाही; पिणाऱ्याला तर मुळीच नाही. आपला प्रश्न वेगळा आहे. दारू सोडू पाहणाऱ्या माणसाला आपल्या समाजाने आजवर कोणती जागा दिली?

आम्ही वर्गात शिकवायचो तो ‘अक्रसिया’ हा ग्रीक शब्द इथे उपयोगी पडतो. कळतं पण वळत नाही, ती ही अवस्था. ॲरिस्टॉटलने अशा माणसाची तुलना झोपलेल्या, वेड लागलेल्या आणि प्यायलेल्या माणसाशी केली. ज्ञान असतं, पण ऐन वेळी हाताशी नसतं. मग नुसतं आणखी ज्ञान देऊन काय होणार?

आपल्याकडचं जुनं उत्तर माळेचं. तुळशीची माळ गळ्यात घातली की मद्यमांस वर्ज्य, हा वारकऱ्यांचा नेम. त्यात नुसती शपथ नाही, सोबतही आहे. एकादशी, भजन, दिंडी. रिकामी संध्याकाळ भरून निघते. पण एखादा घसरला, की माळ काढून ठेवतो, आणि रिकामा गळा सगळ्या आळीला दिसतो. मग लाजेने तो भजनालाही येत नाही. सोबतीची गरज सर्वांत जास्त असते, नेमकी तेव्हाच ती सुटते.

दुसरं उत्तर कायद्याचं. बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाने १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबई शहरात दारूबंदी आणली. पुढे १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा झाला. पिणारा आरोपी ठरला. प्रकृतीचं कारण दाखवलं तर परवाना. १९६० च्या दशकात बंधनं सैल झाली, तरी रस्त्यावरच्या पाट्यांवर ‘परमिट रूम’ हे शब्द राहिलेच. नंतर बायकांनी ‘आडवी बाटली’च्या मतदानातून कित्येक गावची दुकानं बंद पाडली. त्या लढ्याचं मोल मोठं आहे. पण दुकान बंद झालं तरी हात थरथरणारा माणूस सकाळी आपल्याच घरात उठतो. त्याचं पुढे काय, याचं उत्तर मतपेटीत नसतं.

तिसरं उत्तर लांबून आलं. १९३५ साली बिल विल्सन हा शेअर बाजारातला माणूस अमेरिकेतल्या ॲक्रन शहरात अडकला होता. धंद्याचं काम फसलेलं, दारू सोडून जेमतेम काही महिने झालेले, आणि समोर हॉटेलातला बार. त्याने फोन फिरवून आपल्यासारखाच दुसरा पिणारा शोधला. भेटले डॉ. बॉब स्मिथ, पेशाने सर्जन. बिल त्यांना सुधारायला गेला नव्हता, स्वतः टिकावा म्हणून गेला होता. हा फरक लक्षात घ्या. इथे ना गुरू, ना न्यायाधीश. दोघेही गरजवंत. यातूनच ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’, म्हणजे एए, उभी राहिली. फी नाही, बाहेरची देणगी नाही. अट एकच, पिणं थांबवायची इच्छा. १९५० च्या दशकात ही चळवळ मुंबईत पोचली.

पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट यांनी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात ‘मुक्तांगण’ सुरू केलं. अनिल अवचटांचं गर्दवरचं लेखन वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे मदतीला आले होते. तिथेही बरे झालेले रुग्णच पुढे कार्यकर्ते होतात. घरी परतलेल्यांसाठी पाठपुराव्याच्या बैठका असतात, पत्नींसाठी ‘सहचरी’ गट.

मीटिंगमध्ये होतं काय? माणूस फक्त नाव सांगतो, आडनाव नाही. आपल्याकडे आडनावावरून जात, गाव, भावकी सगळं कळतं, तेव्हा ही गोष्ट लहान नाही. एक बोलतो, बाकीचे ऐकतात. शपथ जन्माची नसते, आजच्या दिवसाची. मध्येच पुन्हा प्यायलेला परत आला तर म्हणतात, बरं झालं आलात. माळेत जे अडतं, ते इथे सुटतं. २०२० मध्ये कॉक्रेन या संस्थेने २७ अभ्यास एकत्र तपासले. दारूपासून पूर्ण दूर राहण्यात ही वाट इतर मान्य उपचारांइतकी किंवा सरस ठरली.

आता आपली अडचण. शहरात निनावी राहता येतं. पारगावात दारातली चप्पल पाहूनही माणूस ओळखतात. म्हणून पहिली मीटिंग परगावची निवडावी, त्यात कमीपणा नाही. व्यसनमुक्तीच्या १४४४६ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर किंवा सरकारी दवाखान्यात चौकशी करावी. मात्र रोज भरपूर पिणाऱ्याने डॉक्टरांना न विचारता एकदम बंद करू नये. झटके येतात, भ्रम होतो, जीवावरही बेततं.

आणि बाकीच्यांचं काय? चप्पल ओळखली, तरी नाव घ्यायचं नाही. गावाने एवढं पाळलं, तर उद्या इथल्याच शाळेच्या खोलीत मीटिंग भरू शकेल.

इथे थांबतो. प्रश्न घेऊ.