ग्लिनकॉरुगचा दवाखाना

ब्रिटनमध्ये 5 जुलै 1948 रोजी राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली आणि प्रत्येकाला आपल्या वस्तीतील एका फॅमिली डॉक्टरकडे, म्हणजे घरातल्या लहानथोरांच्या सर्व दुखण्यांवर प्रथम उपचार करणाऱ्या डॉक्टरकडे, विनामूल्य नाव नोंदवता येऊ लागले; परंतु फीची अडचण दूर झाली म्हणून चांगले उपचार गरिबांच्या दारी आपोआप पोहोचले नाहीत. जोसेफ कॉलिंग्ज या ऑस्ट्रेलियन डॉक्टरने 1950 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत औद्योगिक वस्त्यांमधील दवाखान्यांची दुरवस्था उघड झाली, आणि महत्त्वाकांक्षी पदवीधर तर रुग्णालयातील तज्ज्ञपदाकडेच डोळे लावून असत.

अशा काळात केंब्रिजमध्ये शिकलेले आणि रोगप्रसारशास्त्राचा, म्हणजे समूहातील आजारांच्या अभ्यासाचा, अनुभव घेतलेले ज्युलियन ट्यूडर हार्ट (1927–2018) यांनी 1960च्या दशकाच्या प्रारंभी दक्षिण वेल्समधील ग्लिनकॉरुग या सुमारे 2,000 वस्तीच्या खाणगावात दवाखाना चालवायला घेतला, आणि 1970 मध्ये तेथील कोळशाची खाण बंद पडून बेकारी वाढल्यावरही ते तेथेच राहिले. 1971 मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकातून त्यांनी मांडलेला ‘व्यस्त सेवानियम’ असे सांगतो की, जेथे गरज अधिक तेथे चांगली वैद्यकीय सेवा कमी मिळते, आणि सेवा बाजाराच्या हाती जितकी अधिक, तितकी ही विषमता तीव्र होते.

त्यांचे खरे मोठेपण मात्र या सिद्धान्ताहूनही दवाखान्यातील रोजच्या शिस्तीत दिसते. उच्च रक्तदाब बहुधा कोणतीही तक्रार न देता वाढत जातो, त्यामुळे स्वतःहून येणाऱ्या रोग्याची वाट पाहणे निरुपयोगी ठरते. म्हणून खोकल्यासाठी किंवा आजारपणाच्या दाखल्यासाठी आलेल्या माणसाच्याही दंडाला पट्टा बांधून दाब मोजला जाई, आकडा त्याच्या कागदांत नोंदवला जाई, आणि नोंदवहीत ज्यांच्या नावापुढे आकडा नसे त्यांना मुद्दाम गाठले जाई. या नोंदींच्या व संशोधनाच्या कामात त्यांच्या पत्नी मेरी यांचा मोठा वाटा होता, ही गोष्ट सहसा पुरेशा ठळकपणे सांगितली जात नाही.

पंचवीस वर्षांच्या या कामाचा आढावा 1991 मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा पासष्टीच्या आत होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण ग्लिनकॉरुगमध्ये शेजारच्या, तशाच परिस्थितीतील खाणगावापेक्षा पाव हिश्शाहून अधिक कमी असल्याचे आढळले. दोन लहान गावांच्या तुलनेवरून सगळे श्रेय एका दवाखान्याला देता येत नाही हे खरे, तरी ही तुलना शक्य झाली, ती खाणकामगारांच्या गावातील प्रत्येक नावाची नोंद कोणीतरी वर्षानुवर्षे ठेवली म्हणूनच.