मूर्ती कोणाची, नाव कोणाचे?
गांधारातील बुद्धमूर्तीचा उगम ग्रीक, हे फ्रेंच पंडित आल्फ्रेड फूशे यांचे मत वसाहतकाळात जवळजवळ सिद्धान्त ठरले. १९२७ साली आनंद कुमारस्वामींनी मथुरेचा पक्ष मांडून त्यास उत्तर दिले. तरीही वाद प्रामुख्याने शैलीचाच राहिला, असे आम्हांस वाटते. वस्त्राच्या चुण्या मोजल्या गेल्या; दात्यांचे शब्द मागे पडले.

सारनाथची ती भव्य मूर्ती पाहावी. दगड मथुरेचा, तांबडा; लेख कनिष्काच्या तिसऱ्या वर्षाचा. लेखात मूर्तीस बुद्ध नव्हे, 'बोधिसत्त्व' म्हटले आहे. दाता त्रिपिटकज्ञ भिक्खू बल. आईवडील, उपाध्याय, आचार्य, शिष्य यांच्याबरोबर तो आपल्या पुण्यात बुद्धमित्रा या भिक्खुणीलाही सहभागी करतो, आणि तिलाही 'त्रेपिटिका' म्हणतो. क्षत्रप वनस्पर व खरपल्लान यांची नावे तिच्यानंतर येतात.